ग्रुपवर मेसेज आला म्हणजे सोसायटीचा नियम झाला?

“उद्यापासून डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट बंद. मोडल्यास १,००० रुपये दंड.” कोयनानगरच्या सरकारी वसाहतीत वाढलेल्यांना हे नवं, तिथे नियम खात्याचे. कराड-पुण्यात फ्लॅट घेतला की सेक्रेटरींचे असे मेसेज सुरू!

पण कमिटीला स्वतःच्या मनाने उपविधी बदलता येत नाहीत. १४ दिवस आधी नोटीस, सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांचा होकार आणि निबंधकांकडे नोंदणी झाली, तरच बदल लागू. दंडालाही सभेची मंजुरी लागते; त्याआधी कारणे दाखवा नोटीस आणि बाजू मांडायची संधी.

मग मनमानी चालते कशी? गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने पुन्हा भरते आणि तेव्हा गणपूर्ती लागत नाही. त्याच सात-आठ चेहऱ्यांत ठराव पास. दंडाची पावती आली, तर आधी त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत लेखी मागा.