पावती कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणींची गाडीची हौस नवऱ्याच्या मागच्या सीटवर बसूनच फिटते. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एका मावशींकडे लूना होती. कायनेटिकने ही लूना १९७२ साली बाजारात आणली. पायडल मारायचे, फटफट आवाज व्हायचा, की मावशी निघाल्या मंडईला! कुणाची वाट पाहायला नको की कुणाची मिनतवारी नको. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलेच नाही.

गेल्या दिवाळीत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी माझ्या भिशीच्या पैशातून विजेवर चालणारी लहान स्कूटर घेतली. सांगलीत विश्रामबागेहून गणपती पेठेत जायचे, बँक, दवाखाना, सासूबाईंची औषधे आणायची. मला एवढ्यापुरतीच गाडी हवी होती. जाऊबाईंनी लगेच नाक मुरडले, "चिनी माल तो! चार दिवस टिकेल." त्यात तथ्य नव्हते असे नाही. जोडणी आपल्याकडे होत असली तरी अशा कितीतरी गाड्यांची मोटर, कंट्रोलर, कधी बॅटरीसुद्धा चीनमधून येते. पण माल कुठला, यापेक्षा मोडला तर दुरुस्त कोण करणार, हे आधी विचारावे. मी तेच विचारले. कंट्रोलर, चार्जर आणि ब्रेकचे सामान गावातच मिळते, याची खात्री करून घेतली आणि मगच पैसे मोजले.

आता कायद्याची बाजू. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, आणि गाडीच्या नमुन्याला सरकारमान्य चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असेल, तर कायद्याच्या लेखी ते मोटार वाहन नव्हे. मग लायसन नको, नंबरप्लेट नको, विम्याची सक्ती नाही. अशी प्रमाणपत्रे देणारी एक संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे. दुकानदाराकडून त्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. "सगळं ठीक आहे हो, वहिनी" या तोंडी हमीवर गाडी घरी आणू नका.

गाडी आली तशी मला पुरी मानवेना. सीट उंच, पाय जमिनीला टेकेनात. थांबले की गाडी एका बाजूला कलायची आणि माझा जीव खाली-वर. सीटकव्हर शिवणाऱ्याकडून आतला फोम दोन बोटे कापून घेतला. मागच्या चाकाला साडी गार्ड लावले. सासूबाईंना मागे बसताना धरायला दांडी आणि पाय ठेवायला पायरी करून घेतली. दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावले, कारण ही गाडी इतकी गुपचूप चालते की आपण आल्याचे कुणाला कळत नाही. आपणच चौफेर बघायला हवे. दीड हजारात एवढे सगळे झाले आणि गाडी खरी माझी झाली.

पुढची गोष्ट फेब्रुवारीतली. गणपती पेठेत वळताना मी नेहमीइतकीच मूठ पिरगाळली आणि गाडीने अशी उसळी घेतली की ब्रेक दाबेपर्यंत मी एका भाजीवालीच्या टोमॅटोच्या पाटीत! बाई दोन हात मागे सरकली म्हणून वाचली. टोमॅटोचे पैसे दिले, चार शब्द ऐकून घेतले आणि गाडी ढकलत घरी आणली. हातापायांचा कापरा संध्याकाळपर्यंत गेला नाही.

घरी चौकशी केली तेव्हा चिरंजीव मान खाली घालून उभे. वय वर्षे सोळा, अकरावीत. "आई, गॅरेजमध्ये फक्त एक वायर काढतात. दोनशे रुपयांत. आता पंचेचाळीसला जाते. सगळी मुलं करतात." आणि आमचे हे? हे पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "अगं, पंचवीस म्हणजे काय वेग आहे? सायकलवालासुद्धा पुढे जातो. चालायचंच."

मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसले. ताशी २५ च्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण ७ मीटर जाते. म्हणजे समोर पोर आडवे आले आणि ब्रेकवर बोट जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी सव्वा साडीभर पुढे गेलेली असते. ४५ च्या वेगाला तेच अंतर साडेबारा मीटर, म्हणजे सव्वादोन साड्या! त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंतचे अंतर तर तिपटीहून जास्त. ब्रेक, टायर, सगळे बेतलेले आहे २५ साठी. शिवाय जादा वीज खेचली की वायरी आणि कंट्रोलर तापतात, आणि बॅटरी लवकर उतरते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट कायद्याची. ती वायर काढली त्या क्षणी माझी साधी गाडी मोटार वाहन झाली. तेही बिननोंदणीचे, बिनविम्याचे, आणि चालवणारा बिनलायसनचा. त्या भाजीवालीचा पाय मोडला असता तर भरपाई देणारी विमा कंपनी नव्हती. ती आमच्या घरातून द्यावी लागली असती. अठरा वर्षांखालच्या मुलाने असा गुन्हा केला तर २०१९ सालच्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या राज्याच्या परिवहन खात्याने अशा वेग वाढवलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती.

मी गाडीची पावती आणून यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "बघा, नाव कुणाचं आहे? चालायचंच म्हणणारे तुम्ही, वायर काढणारा तो, आणि कोर्टात उभी राहणार मी." हे काही बोलले नाहीत. पण चहा झाल्यावर चपला घातल्या आणि मुलाला घेऊन गॅरेजमध्ये गेले. वायर जागेवर आली. चिरंजीवांनी आठ दिवस अबोला धरला. मीही धरू दिला. अठरा पूर्ण झाल्यावर रीतसर लायसन काढ, नंबरप्लेटची गाडी घेण्याचा विचार करू, एवढेच सांगितले. तोवर पंचविसावर समाधान नसेल तर सायकल आहेच.

मैत्रिणींनो, चीनमध्येही हीच ओढाताण चालली आहे. तिथेही २०१९ पासून विजेच्या सायकलींना २५ चीच मर्यादा आहे, आणि तिथलेही लोक ती काढून घेतात. म्हणून सरकारला नियम पुन्हा कडक करावे लागले. २०२४ च्या फेब्रुवारीत नानजिंग शहरात एका इमारतीच्या तळमजल्यावर ठेवलेल्या विजेच्या सायकलींपासून आग लागली आणि १५ माणसे दगावली. आपल्याकडे जिन्याखाली गाडी लावून रात्रभर चार्जिंग करणाऱ्यांनी हे विसरू नये.

तेव्हा घरात अशी गाडी असेल तर एवढे सांभाळा:

पावती, प्रमाणपत्राची प्रत आणि वॉरंटी कार्ड एकाच पिशवीत ठेवा.

जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत चार्जिंग करू नका. बाहेरून आल्यावर बॅटरी थोडी निवू द्या. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरा आणि सगळे झोपलेले असताना तो लावून ठेवू नका.

शिशाची बॅटरी असेल तर ती पूर्ण उतरवून दिवसेंदिवस ठेवू नका, लवकर मरते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका. बहुतेक गाड्यांची मोटर मागच्या चाकातच असते.

कायद्याची सक्ती नसली तरी हेल्मेट घाला. पदर कमरेला घट्ट खोचा.

आणि महिन्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मूठ पूर्ण पिरगाळून काट्याकडे बघा. काटा पंचविसाच्या पुढे गेला तर घरातल्या प्रत्येकाला एकेक करून विचारा. उत्तर मिळेपर्यंत किल्ली आपल्या कमरेला.