शिंक आणि अपशकुन

गोमंतकात लहानपणी ऐकलेली समजूत आम्हांस माळव्यातही भेटली. देवासहून धारला स्पर्धेस निघालेला विद्यार्थी उंबरठ्याशी कोणी शिंकले म्हणून थांबतो, मोटार चुकते आणि दोष शिंकेच्या माथी येतो!

वस्तुतः नाकातील नाजूक अस्तरास धूळ झोंबताच मज्जातंतू मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेस, वर्दी देतात. तत्क्षणी छाती श्वासाने भरते, डोळे मिटतात व वारा वेगाने बाहेर पडतो. आपली अनुमती कोणी विचारीत नाही. अशा इमानी पहारेकऱ्यास अपशकुनी ठरविणे हा अन्याय नव्हे काय? प्रार्थनेत शिंकलेल्या मुलास आम्हीही एकदा रागे भरलो होतो. त्याची खंत अद्याप वाटते.

विद्यार्थिमित्रहो, शिंक आल्यास तोंडापुढे रुमाल धरा. उचललेले पाऊल मात्र मागे घेऊ नका.