स्वस्ताईचे वकील

वॉलमार्टचं नाव निघालं की आपल्याकडचे काही लेखक अचानक गरिबांचे कैवारी होतात. त्यांचं म्हणणं असं : या अवाढव्य सवलतीच्या दुकानांमुळे माल स्वस्त मिळतो आणि त्याचा सर्वांत मोठा लाभ गरिबालाच होतो; पगार कमी आहे, पण काम बिनकौशल्याचं आणि करणारी बहुतेक कॉलेजची पोरं; पटत नसेल तर नोकरी सोडावी; आणि पगार वाढवलाच तर तो बोजा शेवटी गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडणार. असं लिहिणाऱ्याचा स्वतःचा पगार बहुधा बाजारभावाने नव्हे, वेतन आयोगाने ठरलेला असतो. पण ते असो.

पोरासोरांची गोष्ट आधी निकालात काढू. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा ऑक्टोबर 2020 चा अहवाल सांगतो की सरकारी अन्नमदत आणि मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्यमदत घेणाऱ्या कमावत्या प्रौढांपैकी सुमारे 70 टक्के लोक आठवड्याला 35 तास किंवा अधिक राबत होते. अभ्यासलेल्या राज्यांत त्यांच्या मोठ्या मालकांमध्ये वॉलमार्ट अगदी वरच्या स्थानांवर होतं. ती अन्नमदत देशात सर्वाधिक खर्च होते तीही याच दुकानांत. मालकाने न दिलेली भाकरी सरकारने द्यायची आणि तिचे पैसे पुन्हा मालकाच्या गल्ल्यात पडायचे, याला मुक्त बाजार म्हणायला प्रतिभाच हवी. ‘सोडून जा’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच : कॅनडाच्या क्विबेकमधल्या जाँकिएरच्या वॉलमार्ट दुकानातल्या कामगारांनी नोकरी सोडली नाही, 2004 मध्ये युनियन केली. एप्रिल 2005 मध्ये कंपनीनेच दुकान सोडलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल दिला तो 2014 साली.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पगार वाढला की भाव वाढलाच पाहिजे हा. याची परीक्षा खुद्द वॉलमार्टनेच दिली आहे. 2015 मध्ये कंपनीने किमान दर ताशी 9 डॉलर केला आणि पुढच्या वर्षी 10. ऑक्टोबर 2015 मध्ये तिने गुंतवणूकदारांना सांगितलं की पगार आणि प्रशिक्षणावरच्या खर्चामुळे पुढच्या वर्षी नफा घटेल, आणि शेअर एका दिवसात सुमारे 10 टक्के कोसळला. बोजा गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडणार हे गुंतवणूकदारांना पटलं असतं, तर ते घाबरले कशाला असते? त्याच दिवशी कंपनीने 20 अब्ज डॉलरचे स्वतःचे शेअर परत विकत घेण्याची योजनाही जाहीर केली. वेतन आणि प्रशिक्षणासाठी पुढच्या वर्षाची तरतूद होती सुमारे दीड अब्ज. तिजोरीत पैसा नव्हता असं कोणी म्हणू नये. यावर ठरलेलं उत्तर येतं की नफा नसेल तर दुकानंच उरणार नाहीत. मग कॉस्टको ही सभासदांनाच माल विकणारी अमेरिकी दुकानसाखळी कशी उरली? तिथे खरेदी-किमतीवर चढवायची रक्कम 14-15 टक्क्यांच्या मर्यादेत ठेवतात, वॉलमार्टच्या सुपरसेंटरमधल्या लाखाहून अधिक जिनसांऐवजी सुमारे 4000 जिनसा विकतात आणि कामगाराला कितीतरी चांगला पगार देतात. कॉस्टकोच्या नफ्याचा मोठा भाग सभासद-शुल्कातून येतो आणि गिऱ्हाईक खातंपितं आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणून स्पेनची मेर्कादोना ही सुपरमार्केट साखळी पाहा : सभासद-शुल्क नाही, गिऱ्हाईक साधं, भाव कमी, आणि तरीही नोकऱ्या कायम व पगार बरा. स्वस्ताई खरेदीच्या ताकदीतून, कमी जिनसांतून आणि कामाच्या नीट मांडणीतून येते. हलका पगार हा तिचा पाया नाही. मालकाने केलेली निवड आहे.

आपल्याकडे 2012 मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात 51 टक्के परकी गुंतवणुकीला मान्यता मिळाली, तेव्हाही हाच गोंधळ झाला होता. एक बाजू लाखो नोकऱ्यांची स्वप्नं विकत होती, दुसरी किराणा दुकानदारासाठी गळा काढत होती. त्याच किराणा दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोऱ्याच्या पगाराविषयी दोन्ही बाजूंची दातखीळ बसली होती. ती अजून सुटलेली दिसत नाही.

मग करायचं काय? सुरुवात वॉलमार्टच्याच देशापासून. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवर अडकलं आहे, ते आधी वर यायला हवं. पण नुसत्या दराने भागत नाही, कारण दर वाढवून आठवड्याचे तास कापले की हातात येणारी रक्कम तेवढीच राहते. ओरेगॉन राज्याने 2017 मध्ये कायदा करून जगभरात 500 किंवा जास्त कामगार असलेल्या किरकोळ दुकानदारांना पाळ्यांचं वेळापत्रक आधी देणं सक्तीचं केलं. 2020 पासून ही मुदत 14 दिवसांची आहे. तासांची हमी त्यातही नाही, आणि पुढचा कायदा लिहायचा तो तिथूनच.