आधी बाहेर या!

गोल्फ म्हणजे साहेब लोकांचा टाइमपास, असं आपल्यापैकी बहुतेकांचं ठाम मत असतं. "त्यात काय, बॉल तर जागेवरच असतो!" हेही वर ऐकवलं जातं. अशा महाभागांना एकदा दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर टीपाशी उभं करावं. दोन्ही बाजूंना दाट झाडं-झुडपं, मधे फेअरवेची अरुंद पट्टी, आणि हातात तो लांबलचक ड्रायव्हर. मग कळतं की जागेवरचा बॉलसुद्धा घाम फोडतो!

माझं मत सरळ आहे. झाडांच्या कोर्सवर आपला सामना झाडांशी नसतोच. तो आपल्या हावेशी असतो.

आधी थोडं गणित (घाबरू नका, एम-थ्री नाही). समजा फेअरवे 30 यार्ड रुंद आहे. मधोमध नेम धरला तर दोन्हीकडे 15 यार्ड मिळतात. फटका फक्त 4 अंशांनी चुकला, तर 250 यार्डांवर बॉल साडेसतरा यार्ड बाजूला जातो, म्हणजे थेट झाडीत. तोच फटका 200 यार्डांचा असता, तर तेवढ्याच चुकीने 14 यार्ड बाजूला गेला असता आणि गवतावर राहिला असता. चूक तीच, कोन तोच, निकाल वेगळा! म्हणून अशा कोर्सवर छोटा क्लब घेणं हा भित्रेपणा नाही, ती टॉलरन्सची समज आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्लीच्या याच कोर्सवर मोठी स्पर्धा झाली, तेव्हा रोरी मॅकिलरॉयसारखा लांब मारणारा खेळाडूही ड्रायव्हर वापरायचाच नाही असं ठरवून उतरला होता. आता बोला!

डॉगलेग, म्हणजे मधेच वळणारं होल, आलं की कोपऱ्यावरच्या झाडांवरून बॉल उडवायचा मोह होतो. तो आवरावा. वळणापर्यंत जा, पुढचं ग्रीन दिसेल अशा जागी थांबा. आणि टी लावताना एक युक्ती : ज्या बाजूला धोका आहे त्याच बाजूला टी लावा आणि त्याच्यापासून दूर नेम धरा. फेअरवे एकदम मोठा वाटायला लागतो.

एवढं करूनही बॉल झाडीत जाणारच. खरा पेपर तिथे सुरू होतो. बॉल हरवला असेल अशी शंका आली तर पुढे जाण्याआधीच, तसं सांगून, प्रोव्हिजनल बॉल मारून ठेवा. 2019 पासून शोधायला फक्त 3 मिनिटं मिळतात. बॉल सापडला की मान वर जाते, पानांमधून एक फट दिसते, आणि मन म्हणतं, "जाईल रे!" गोल्फमध्ये एक जुनं वाक्य आहे की झाड म्हणजे 90 टक्के हवाच. खरंय, पण बॉल एका फांदीतून जात नाही. एकामागून एक अशा दहा थरांतून जायचं असेल तर 0.9 चा दहावा घात काढा. उत्तर येतं साधारण 35 टक्के. तीनपैकी दोन वेळा 'टॉक्' असा आवाज आणि बॉल आणखी आत!

सगळ्यांना 2010 च्या मास्टर्समधला फिल मिकलसन आठवतो. ऑगस्टाच्या तेराव्या होलवर दोन पाइनच्या मधून त्याने बॉल ग्रीनवर टाकला आणि स्पर्धा जिंकली. 2012 मध्ये बबा वॉटसननेही झाडांतून बॉल वळवून काढला. पण हे फटके लक्षात राहतात कारण ते बसले. न बसलेले कोण दाखवतो? 2011 मध्ये हाच मॅकिलरॉय शेवटच्या दिवशी चार शॉट्सच्या आघाडीने उतरला. दहाव्या होलवर टीवरचा फटका झाडावर आपटून भलतीकडे गेला, तिथे तो सात फटक्यांवर गेला आणि दिवसअखेर 80. ऑगस्टाचा हिरवा कोट अंगावर यायला 2025 उजाडावं लागलं.

मीसुद्धा काकांबरोबर खेळताना अशीच एक फट बघून पार-4 वर 9 केलेत. पहिला फटका वाईट होता, मान्य. पण पहिल्या फटक्याने एकच शॉट गेला होता. बाकीचे चार मी लाज झाकायला घालवले.

म्हणून उपाय एकच, अगदी बोअरिंग. पाच नंबरचं आयर्न घ्या, बॉल मागच्या पायाकडे ठेवा, हात पुढे, अर्धा स्विंग, आणि फांद्यांखालून बॉल आडवा फेअरवेवर काढा. गरज पडली तर मागेसुद्धा. हलवायला अजिबातच जागा नसेल तर एका शॉटचा दंड घेऊन ड्रॉप करा. बोगी लिहा, पुढच्या टीवर जा.

आपल्याकडे एक विषय राहिला की पुढच्या सेमला "सगळे काढतो, वर डिस्टिंक्शनपण आणतो" म्हणणारे कितीतरी हिरो आहेत. फट बघून मारणारे! त्यातले काही निघतात, त्यांच्या गोष्टी कॅन्टीनमध्ये वर्षानुवर्षं चालतात. बाकीचे पुढच्या बॅचबरोबर बसतात आणि त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

तेव्हा मित्रांनो, झाडीत गेलात तर लाजू नका. फक्त आधी बाहेर या. ग्रीन कुठे पळून जात नाही!