स्वस्त टॅब, पण किती वर्षांसाठी?

दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश सुरू झाले की मध्यमवर्गीय घरात खर्चाचा हिशेब नव्याने मांडला जातो. क्लासची फी, पुस्तके, बसचा पास आणि आता त्यात टॅबची भर पडली आहे. क्लासचे व्हिडिओ, सराव परीक्षा, नोट्सच्या पीडीएफ हे सगळे पडद्यावर आले आहे. आईवडिलांचा फोन मुलांना दिवसभर देता येत नाही आणि बऱ्यापैकी लॅपटॉप बजेटच्या बाहेर जातो. मग दहा-पंधरा हजारांत टॅब घ्यायचे ठरते. पण पाहायला गेले की गोंधळ उडतो. एकीकडे तेरा हजारांचा साधा दिसणारा टॅब, तर दुसरीकडे सात हजारांत ‘दहा इंची पडदा, मोठी बॅटरी, ८ जीबी रॅम’ अशी जाहिरात. सहा हजार वाचत असतील, तर का वाचवू नयेत?

हा प्रश्न या वर्षी जास्त टोकदार झाला आहे, कारण स्वस्त टॅब स्वस्त राहण्याची चिन्हे नाहीत. रॅमसाठी लागणाऱ्या मेमरी चिप प्रामुख्याने तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना प्रचंड प्रमाणात मेमरी लागते आणि तिच्यात नफाही अधिक असतो. त्यामुळे कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि २०२५च्या अखेरीस साध्या मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशिअल’ हा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली. महागड्या उपकरणात ही वाढ पचून जाते. स्वस्त उपकरणात नफा मुळात तुटपुंजा असल्याने कंपनीसमोर दोनच वाटा उरतात : किंमत वाढवायची, नाहीतर तीच किंमत ठेवून आत काटकसर करायची. दुसरी वाट ग्राहकाला दिसत नाही, म्हणून ती अधिक धोक्याची.

‘आकाश’चा धडा

अशी काटकसर काय करते, हे भारताने एकदा अनुभवले आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ टॅब मोठ्या गाजावाजात सादर झाला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडणार होता आणि अनुदानानंतर विद्यार्थ्यांना १,७५० रुपयांत मिळणार होता. जगातील सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचे कौतुक झाले. हातात आल्यावर मात्र सात इंची पडदा बोटाने जोर देऊन दाबल्याशिवाय प्रतिसाद देईना, २५६ एमबी रॅमवर यंत्र अडखळू लागले आणि बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकू लागली. पुढच्याच वर्षी ‘आकाश २’मध्ये पडदा, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही बदलावे लागले.

हेतू चांगला होता, पण कात्री चुकीच्या जागी लागली. टॅबमधील काही गोष्टी नंतर जोडता येतात. मेमरी कार्ड, कीबोर्ड, कव्हर आणि स्टँड त्यातल्या. रॅम, पडदा, प्रोसेसर आणि कंपनीकडून मिळणारे अपडेट या चार गोष्टी मात्र खरेदीच्या दिवशी ठरतात आणि शेवटपर्यंत तशाच राहतात. मर्यादित पैसे असतील तेव्हा ते या चार गोष्टींवर आधी खर्च व्हायला हवेत. म्हणून किंमत पाहताना तिला वापराच्या वर्षांनी भागून पाहावे. समजा, सात हजारांचा टॅब दोन वर्षांत रखडू लागला, तर वर्षाला साडेतीन हजार पडले. तेरा हजारांचा टॅब पाच वर्षे चालला, तर वर्षाला दोन हजार सहाशे. अकरावी-बारावीसाठी घेतलेला टॅब पदवीच्या अखेरपर्यंत पुरला, तर खरा स्वस्त तोच.

८ जीबी की ४ अधिक ४?

जाहिरातीतला सर्वांत फसवा आकडा रॅमचा. ‘८ जीबी रॅम’च्या खाली बारीक अक्षरात ‘४ जीबी अधिक ४ जीबी विस्तारित’ असे लिहिलेले असते. यातली दुसरी ४ जीबी ही रॅम नसतेच. साठवणीचा काही भाग रॅमसारखा वापरण्याची ती सोय आहे. टेबलावर जागा पुरत नाही म्हणून वह्या शेजारच्या खोलीत ठेवाव्यात, तसे हे काम. वही मिळते, पण दर वेळी उठून जावे लागते. स्वस्त टॅबमध्ये साठवणीसाठी बहुधा ‘ईएमएमसी’ प्रकारची चिप असते. ती महागड्या उपकरणांतील ‘यूएफएस’ चिपपेक्षा बरीच संथ असल्याने हा फेरा आणखी लांबतो. व्हिडिओ पाहताना नोट्स उघडल्या आणि परत आल्यावर व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला, तर रॅम कमी पडते आहे असे समजावे. आज अभ्यासासाठी टॅब घेताना खरी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही किमान पातळी धरावी. जमल्यास ६ किंवा ८ जीबी रॅम घ्यावी. व्हिडिओ साठवण्यासाठी मेमरी कार्ड नंतर घालता येते, पण त्याची खाच आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

प्रोसेसरचेही तसेच. ‘आठ कोअर’ हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो. पण आठही कोअर ‘कॉर्टेक्स ए५३’ प्रकारचे असतील, तर ती २०१२ साली जाहीर झालेली रचना आहे. किमान दोन कोअर ‘ए७५’ किंवा ‘ए७६’ या ताकदीच्या प्रकारातले असावेत. मीडियाटेकची ‘हेलिओ जी९९’ किंवा युनिसॉकची ‘टी६१६’ ही अशा चिपची उदाहरणे. विक्रेत्याने प्रोसेसरचे नावच दिले नसेल आणि नुसते ‘वेगवान’ म्हटले असेल, तर तो टॅब यादीतून काढून टाकलेला बरा.

अक्षर आणि डोळा

पडद्याचा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, तो आरोग्याचाही आहे. ए-फोर आकाराचे नोट्सचे पान ८.७ इंची टॅबवर उभे पूर्ण बसवले, तर ते रुंदीला जवळपास निम्मे होते. छापताना १२ पॉइंटचे असलेले अक्षर पडद्यावर साधारण साडेसहा पॉइंटचे उरते. तेच पान ११ इंची पडद्यावर सुमारे साडेआठ पॉइंटचे अक्षर देते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात, पण लहान पडद्यावर ती वाचताना पान सतत मोठे करून सरकवावे लागते. मुले त्याचा कंटाळा करतात आणि सोपा उपाय शोधतात. टॅब डोळ्यांजवळ आणतात.

तिथून त्रास सुरू होतो. वस्तू जितकी जवळ, तितका डोळ्यातील भिंगाचा आकार बदलणाऱ्या स्नायूंना ताण जास्त. त्यात पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. वाढत्या वयात सतत जवळचे पाहणे आणि घराबाहेर कमी राहणे यांचा संबंध मायोपियाशी, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याशी, जोडला जातो. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर झालेला आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. काही शाळांमध्ये मुलांना रोज ४० मिनिटे जादा वेळ मैदानावर नेण्यात आले. तीन वर्षांत त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना मायोपिया झाला, तर इतर शाळांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होते. म्हणजे डोळ्यांसाठी सर्वांत उपयोगी ‘फीचर’ दुकानात मिळत नाही, ते उन्हात आहे.

याउलट ‘आय केअर’, ‘निळा प्रकाश कमी’ अशा शब्दांसाठी जादा पैसे मोजू नयेत. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरील प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेने २०२३मध्ये आढावा घेतला. साध्या चष्म्याच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. मोठे व रेखीव अक्षर, हातभर अंतर, दर वीस मिनिटांनी लांब पाहणे आणि रात्री पडद्याची चमक कमी ठेवणे हे उपाय फुकटचे आणि अधिक भरवशाचे. टॅब स्टँडवर ठेवला, तर मानही वाकत नाही.

रेखीवपणासाठी एक आकडा पाहावा : दर इंचात किती पिक्सेल. १०.१ इंची पडदा १२८० बाय ८०० पिक्सेलचा असेल, तर इंचाला सुमारे १५० पिक्सेल येतात. जोडाक्षरे आणि गणितातले घातांक त्यावर कडेने फुटल्यासारखे दिसतात. ११ इंची पडदा १९२० बाय १२०० पिक्सेलचा असेल, तर हा आकडा दोनशेच्या पुढे जातो. पडदा मोठा पण पिक्सेल तेवढेच, ही स्वस्त टॅबमधील नेहमीची मेख आहे.

अनोळखी नाव, अदृश्य पाहुणा

फारच स्वस्त टॅबमध्ये आणखी एक धोका असतो. २०२५मध्ये सुरक्षातज्ज्ञांनी ‘बॅडबॉक्स २.०’ नावाचे जाळे उघडकीस आणले. त्यात जगभरातील दहा लाखांहून अधिक उपकरणे अडकली होती. त्यांत अनोळखी नावांचे स्वस्त अँड्रॉइड टॅबही होते. अशा उपकरणांत काही वेळा विक्रीपूर्वीच घातक सॉफ्टवेअर घुसवलेले असते आणि मालकाच्या नकळत त्याचे इंटरनेट दुसऱ्याच्या गैरकृत्यांसाठी वापरले जाते. ज्या टॅबवर उद्या आईवडिलांचे बँकेचे अ‍ॅपही उघडले जाईल, तिथे ही जोखीम परवडणारी नाही. तपासणी सोपी आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’ या भागात टॅब प्ले प्रोटेक्ट प्रमाणित असल्याची नोंद दिसायला हवी. टॅब आणि चार्जर या दोन्हींवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असणे कायद्याने बंधनकारक आहे, तोही पाहावा.

नामांकित कंपनीचा टॅब घेतला तरी एक प्रश्न विचारायलाच हवा : सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार? युरोपीय संघात २० जून २०२५पासून याविषयी नियम लागू झाले आहेत. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध असावेत, बॅटरी ८०० वेळा चार्ज होऊनही तिची ८० टक्के क्षमता टिकावी आणि दुरुस्ती किती सोपी आहे याची श्रेणी लेबलवर छापलेली असावी, असे हे नियम सांगतात. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने २०२५मध्ये दुरुस्ती निर्देशांकाबाबत अहवाल दिला, पण टॅबच्या खोक्यावर अशी श्रेणी छापलेली अजून दिसत नाही. तोवर एक युक्ती करता येते. तेच मॉडेल युरोपात विकले जात असेल, तर त्याचे तिथले लेबल इंटरनेटवर पाहता येते. बॅटरी आणि दुरुस्तीबद्दल जाहिरातीपेक्षा ते जास्त सांगते.

घरातली गणिते

फक्त वायफाय असलेला टॅब सिमकार्डच्या टॅबपेक्षा एक-दोन हजारांनी स्वस्त पडतो. घरी ब्रॉडबँड असेल, तर ही बचत योग्य आहे. पण इंटरनेट वडिलांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालणार असेल, तर वडील पाळीवर गेले की अभ्यासही थांबतो. अशा घरात सिमची सोय ही चैन नाही.

मोठ्या कंपनीचा जुना, दुरुस्त करून विकला जाणारा टॅब हाही पर्याय आहे. २०१९मध्ये आलेल्या सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२४च्या आयपॅडओएस १८पर्यंत नव्या आवृत्त्या मिळाल्या, पुढची मात्र मिळाली नाही. म्हणजे जुने घेताना उपकरण किती वर्षे वापरले गेले यापेक्षा अपडेटची किती वर्षे उरली हे महत्त्वाचे. बॅटरीची अवस्था, लेखी वॉरंटी आणि बिल यांवाचून असा व्यवहार करू नये.

आणि खर्च करण्याआधी एक चौकशी करावी. ‘महाज्योती’ संस्थेच्या योजनेतून इतर मागासवर्ग, विमुक्त व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील पात्र विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या प्रशिक्षणासाठी टॅब दिले जातात. अर्जाची मुदत चुकली म्हणून खिशातून पैसे घालण्याची वेळ येऊ नये.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याने लावलेला चकचकीत व्हिडिओ बाजूला ठेवावा आणि मुलाच्या नोट्सची एखादी पीडीएफ टॅबवर उघडायला सांगावी. टॅब हातभर अंतरावर धरून अक्षर नीट वाचता येते का, पान उलटताना तो अडखळतो का, व्हिडिओ लावून परत नोट्सवर आल्यावर पान जागेवर आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. यात नापास होणारा टॅब सात हजारांत मिळत असला, तरी तो महागच आहे.