आजींचं जुनं बाळंतपण

मैत्रिणींनो, वाढवणच्या आमच्या शेजारच्या आजी गेल्या पावसाळ्यात इस्पितळात होत्या. सतत थकवा, अन्नावर वासना नाही, रक्तातलं सोडियम उतरलेलं. आम्ही म्हटलं, वयच झालं! डॉक्टरांनी मात्र विचारलं, "शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?" गेलं होतं. अंगावर दूध आलं नाही, पुढे पाळीही नाही.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. असा रक्तस्राव झाला की ती सुकू शकते. ग्लासगोच्या डॉ. शीहान यांनी १९३७ साली हे लिहून ठेवलं. त्रास कधीकधी वीस-वीस वर्षांनी उघड होतो.

पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात एफएसएच भरपूर हवं. कमी निघालं, तर शंका घ्यायची. पण फार आजारपणातही ते उतरतं, म्हणून बरं वाटल्यावर पुन्हा तपासतात. नुसतं टीएसएच पाहून भागत नाही, ते ठीक दिसूनही टी-४ कमी असू शकतं. सकाळी आठचं कॉर्टिसॉलही हवं. तेही कमी असेल, तर आधी त्याचं औषध, मग थायरॉइडची गोळी. उलट केलं तर जिवावर बेतू शकतं.

सासूबाईंना दाखवायला न्याल, तेव्हा बाळंतपणाची हकिगत आधी घरीच विचारून घ्या. डॉक्टरांपुढे, त्यातून मुलगा उभा असताना, त्या काही बोलायच्या नाहीत.