बाप बोलतो, मुलगा गप्प



ऊस विकास खात्याच्या माणसाने नोकरीच्या मुलाखतीवर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण गट ऑफिसात लागणीची नोंद द्यायला सभासद येतात तेव्हा हल्ली बरोबर आयटीआय नाहीतर डिप्लोमा झालेला मुलगा असतो. मी मुलाला विचारतो, "काय रे, कोणती जात लावली?" उत्तर बाप देतो. "लागण कधीची?" तेही बापच सांगतो. पोरगं मान खाली घालून मोबाईलवर बोटं फिरवत बसतं. आणि हाच मुलगा उद्या सातपूर-अंबडच्या कंपनीत चार साहेबांपुढे घडाघडा बोलेल, अशी आपली अपेक्षा! एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी बघत आपल्याकडची दोन पिढ्या पोरं मोठी झाली. नोकरी दारात दिसते, पण दार वाजवायला तोंड लागते.

माझीच गोष्ट सांगतो. कृषी पदविका झाल्यावर एका ठिकाणी मुलाखतीला गेलो. साहेबांनी विचारले, "रटून मॅनेजमेंट कसे करतात?" मी गप्प. घरी वडिलांबरोबर खोडवे राखलेले. बुडखे जमिनीलगत छाटणे, पाचट सरीत दाबणे, बगला फोडणे, सगळे या हातांनी केलेले. रटून म्हणजे आपला खोडवाच, हे बाहेर आल्यावर कळले. "साहेब, शब्द समजला नाही, मराठीत सांगता का?" एवढे बोललो असतो तरी पुरे होते. नोकरी गेली. इंग्रजीने गेली असे मी बरीच वर्षे सांगत हिंडलो. ते खरे नव्हे. मोठ्या माणसाला उलट विचारायची सवयच नव्हती.

इंग्रजी नको असे माझे म्हणणे नाही. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाची मोठी परीक्षासुद्धा १९७९ पासून मराठीत लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. मग बोलायचे काम काय, असे कुणी म्हणेल. अहो, मशीन का बंद पडले हे पहिल्याच पाळीत सुपरवायझरला सांगावे लागते!

आमचेही चुकते, हे कबूल केले पाहिजे. तोडणी लांबली की चिटबॉय म्हणतो "साहेबांना विचारा", आणि साहेब म्हणतात "बघतो". टोळी कुठे आहे, पुढे किती नंबर आहेत, हे दोन वाक्यांत सांगितले तर निम्मी भांडणे होणार नाहीत.

माझी सूचना साधी आहे. माती परीक्षणाचा अहवाल मुलाने किंवा मुलीने घरी आजोबांना समजावून सांगावा, सामू म्हणजे काय इथपासून. आजोबा जेवढ्या शंका काढतील तेवढ्या कुठल्या कंपनीचा साहेब काढणार नाही. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, बघून सांगतो" म्हणावे. थापा मारू नयेत, समोरच्याला कळते.

आडसालीच्या नोंदी सुरू झाल्या की दर गुरुवारी दुपारी मी गट ऑफिसात बसणार आहे. पोरांना एकटे आत पाठवा. वडिलांनी तोवर बाहेर चहा घ्यावा.

— ऊस विकास अधिकारी